मूठभर धान्याचे भांडवल : कर्मवीर भाऊराव पाटील

कोल्हापूर जिल्ह्यातील हातकणंगले तालुक्यात, श्रीक्षेत्र बाहुबलीच्या डोंगराजवळ कुंभोज नावाचे गाव आहे. या गावी दिनांक २२ सप्टेंबर १८८७ रोजी एका दिगंबर जैन कुटुंबात भाऊराव पायगोंडा पाटील यांचा जन्म झाला. घराण्याचे मूळ कर्नाटकातील मूडबिद्रीकडचे. पुढे हे घराणे सांगली जिल्ह्यातील ऐतवडे बुद्रुक येथे स्थिरावले व पाटीलकीमुळे पाटील हे आडनाव रूढ झाले. वडील पायगोंडा हे महसूल खात्यात नोकरीस होते. मातोश्री गंगाबाई या धर्मपरायण, व्रतवैकल्ये पाळणाऱ्या आणि दारी आलेल्यास विन्मुख न पाठविणाऱ्या गृहिणी होत्या.

लहानपणापासून भाऊरावांचा स्वभाव दांडगा. अन्याय दिसला की त्यांचा हात आवरत नसे. अस्पृश्य मानलेल्या बायाबापड्या विहिरीजवळ तासन्तास पाण्यासाठी तिष्ठत बसतात आणि कोणी त्यांच्या घागरीत पाणी ओतीत नाही, हे पाहून या पोराने विहिरीवरचा रहाट मोडून पाण्यात टाकून दिला, अशी हकीकत त्यांच्या चरित्रकारांनी नोंदविली आहे. पाण्याची ही वाटणी त्यांच्या मनातून पुढे कधी गेली नाही.

इंग्रजी शिक्षणासाठी त्यांना कोल्हापूरच्या राजाराम हायस्कुलात घालण्यात आले व राहण्याची सोय जैन बोर्डिंगात झाली. दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना १८९९ साली झाली होती आणि खेड्यापाड्यांतील जैन मुलांना शहरात राहून शिकता यावे म्हणून समाजातील धुरीणांनी अशी वसतिगृहे उभी केली होती. त्या काळी समाजाने केलेले हे काम लहान नव्हते. शेती करणाऱ्या जैन कुटुंबातील मुलगा या सोयीवाचून शाळेचे तोंडही पाहू शकला नसता. बोर्डिंगाची व्यवस्था अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे होती. लठ्ठे हे मोठे विद्वान, करड्या शिस्तीचे आणि समाजाच्या उन्नतीची तळमळ बाळगणारे गृहस्थ होते.

अशा वेळी जे घडले ते जैन समाजाच्या एखाद्या स्मरणिकेत टाळून पुढे जाण्याजोगे नाही. सन १९०८ मध्ये कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांच्या प्रेरणेने अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. त्याच्या समारंभास भाऊराव हजर राहिले. बोर्डिंगात परतल्यावर भोजनापूर्वी स्नान करून शुद्ध होण्याची आज्ञा त्यांना झाली. माणसाला भेटून आल्यावर विटाळ कसला, असा त्यांचा सवाल होता. त्यांनी स्नान केले नाही आणि परिणामी त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. ज्या धर्माने जीवमात्राविषयी करुणा शिकविली, त्याच धर्माच्या नावाने चालणाऱ्या घरातून एक मुलगा करुणेपायी बाहेर पडला, हे मान्य करावेच लागते. शाहू महाराजांनी त्यांना आश्रय दिला. महाराजांच्या सहवासात व्यायाम, कुस्ती आणि समाजाचे खरे दर्शन हे तीनही लाभले. परीक्षेच्या शिक्षणाची गाडी मात्र इंग्रजी सहावीपुढे सरकली नाही. ज्यांच्या संस्थेतून पुढे लाखो पदवीधर बाहेर पडले, ते स्वतः मॅट्रिकही नव्हते.

कुंभोज येथील पाटील घराण्यातील लक्ष्मीबाई यांच्याशी त्यांचा विवाह झाला. माहेर संपन्न असल्याने अंगावर सोने भरपूर होते. त्या सोन्याचे पुढे काय झाले हे यथाक्रम येईलच. उपजीविकेसाठी भाऊरावांनी साताऱ्यात मुलांच्या शिकवण्या धरल्या आणि पाटील मास्तर म्हणून ते ओळखले जाऊ लागले.

याच सुमारास, १९१० साली, सांगलीजवळच्या दूधगाव येथे भाऊराव आणि त्यांच्या काही मित्रांनी मिळून दूधगाव विद्यार्थी आश्रम सुरू केला. येथे सर्व जातींची मुले एकत्र राहणार होती. पैसा कोणाकडेच नव्हता. तेव्हा घरोघरच्या बायांनी जात्यावर बसण्यापूर्वी सुपातले मूठभर धान्य वेगळे काढून ठेवावे आणि ठरल्या दिवशी ते गोळा करून आश्रमाच्या कोठारात जमा व्हावे, अशी रीत पडली. गोदाकाठच्या वाचकांना यात नवल वाटणार नाही. सराला बेटाच्या गंगागिरी महाराज सप्ताहास गावोगावच्या घरांतून भाकरी येतात व लाखोंची पंगत उठते, हे येथील प्रत्येकाने पाहिले आहे. सप्ताह सात दिवसांचा असतो. दूधगावच्या आयाबायांना ती मूठ वर्षभर रोज बाजूला काढावयाची होती.

व्यापारी नजरेने पाहिले तर या योजनेतील शहाणपण सहज ध्यानी येते. दहा रुपयांची देणगी देणारा एकदाच देतो आणि विसरतो. मूठभर धान्य देणारी बाई रोज देते व रोज तिला आठवण राहते की गावात एक वसतिगृह आहे, तेथे कोणाची तरी मुले जेवत आहेत. ती मुले कशी आहेत, काय शिकतात, आजारी कोण पडले, हे विचारण्याचा तिला हक्क पोहोचतो. धान्य गोळा करण्यास येणारा मुलगाच वसतिगृहाची वार्ता घरोघर पोचवितो. गाव आणि संस्था यांच्यामध्ये वेगळा दूत ठेवण्याचे कारण उरत नाही. भाऊरावांच्या पुढील पन्नास वर्षांच्या कार्याचा पाया येथे घातला गेला.

हे चालू असताना एक भयंकर प्रसंग त्यांच्यावर ओढवला. सन १९१४ च्या सुमारास कोल्हापुरात राजघराण्यातील पुतळ्यास कोणी डांबर फासले. त्या काळी हा राजद्रोहासारखा गुन्हा. संशयाची सुई अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे वळविण्यात आली आणि त्यांच्याविरुद्ध साक्ष देण्यासाठी पोलिसांनी भाऊरावांना धरले. ज्या गृहस्थांनी आपणास बोर्डिंगातून काढले, त्यांच्याविरुद्ध दोन शब्द बोलले की सुटका होती. कोणी दोषही दिला नसता. भाऊरावांनी खोटी साक्ष देण्यास साफ नकार दिला. त्यापायी कोठडी, मारहाण आणि छळ सोसला. छळ असह्य होऊन तोंडून खोटे निघू नये म्हणून त्यांनी प्राणत्यागाचा प्रयत्नही केला. ते वाचले आणि अखेर निर्दोष सुटले. लठ्ठेही सुटले व पुढे १९३७ साली मुंबई इलाख्याच्या पहिल्या काँग्रेस मंत्रिमंडळात अर्थमंत्री झाले. सत्य हे व्रत म्हणून पाळणे म्हणजे काय, हे समजून घेण्यास या प्रसंगाइतके दुसरे उदाहरण सापडणे कठीण.

कोठडीतून सुटल्यावर संसाराचा प्रश्न होताच. भाऊरावांनी विक्रीचा धंदा पत्करला. प्रथम ओगले बंधूंच्या काचकारखान्याचा माल आणि नंतर किर्लोस्करांचे लोखंडी नांगर ते गावोगाव विकू लागले. लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, त्यामुळे नांगर विकणे म्हणजे आधी समजूत पालटणे. भाऊराव बांधावर जात, स्वतः नांगर धरून दाखवीत, शेतकऱ्याच्या ओसरीवर भाकर खात आणि रात्री तेथेच पडत. नांगर किती खपले याचा हिशेब कारखान्याच्या वहीत गेला. दक्षिण महाराष्ट्रातील कोणत्या गावी कोणते पोर हुशार आहे, कोणाकडे मोकळी खोली आहे, कोणता पाटील शब्दाला जागतो, हा हिशेब मात्र भाऊरावांच्या डोक्यात राहिला, आणि पुढे कामी आला तो हाच.

पुढे साताऱ्याजवळ पाडळी येथे धनजीशा कूपर यांच्या कारखान्याच्या उभारणीत त्यांनी आपले सर्व कसब ओतले. नफ्यातील काही वाटा शिक्षणकार्यास मिळावा ही त्यांची अट होती. तो शब्द पाळला गेला नाही आणि भाऊराव रिकाम्या हाताने बाहेर पडले. व्यवहारात तोंडी बोलीवर विसंबल्याचा फटका अनेकांनी खाल्लेला असतो. भाऊरावांनी तो खाल्ला आणि त्यानंतर दुसऱ्याच्या नफ्यावर आपले कार्य उभारण्याचा नाद कायमचा सोडला.

तोवर मूळ कार्यास आरंभ झालाच होता. दिनांक ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले या गावी, सत्यशोधक विचाराच्या मंडळींच्या मेळाव्यात रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. काले, नेर्ले अशा गावांतून छोटी वसतिगृहे निघाली. सन १९२४ मध्ये संस्थेचे ठाणे साताऱ्यास आले व तेथे सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी एक वसतिगृह सुरू झाले. दिनांक २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाचे छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले. ब्राह्मण, मराठा, जैन, मुसलमान, महार, मांग अशा सर्व घरांतील मुले येथे एका पंक्तीस बसत. दळण दळणे, भाकरी भाजणे, भांडी घासणे, लाकूडफाटा आणणे ही कामे पाळीने सर्वांवर येत. ज्या स्नानाच्या प्रश्नावरून वीस वर्षांपूर्वी एक मुलगा बोर्डिंगाबाहेर पडला होता, तो प्रश्नच या घरात उद्भवू शकत नव्हता.

या घराची माउली होत्या लक्ष्मीबाई. सोवळ्याओवळ्याच्या संस्कारात वाढलेल्या या जैन स्त्रीने प्रथम मनाशी झगडून आणि मग पूर्ण मनाने त्या सर्व मुलांना आपली मानले. कोठारातील धान्य संपले की त्यांच्या अंगावरील एकेक दागिना सराफाकडे जाई. पाटल्या गेल्या, गोठ गेले. एकदा भाऊराव देणगीसाठी परगावी असताना घरात दाणा उरला नाही, तेव्हा त्यांनी गळ्यातील मंगळसूत्र काढून दिले आणि मुलांना जेवू घातले. सौभाग्यवती स्त्रीने मंगळसूत्र उतरविणे याचा अर्थ त्या पिढीत काय होता हे सांगण्याची आवश्यकता नाही. सन १९३० मध्ये लक्ष्मीबाईंचे निधन झाले. रयत शिक्षण संस्थेच्या इतिहासात भाऊरावांचे नाव ठळक आहे ते योग्यच, परंतु जमाखर्चाची वही काटेकोर लिहावयाची तर सर्वांत मोठी देणगी या माउलीच्या नावे मांडावी लागेल. त्यांच्या नावाचे स्मरण समाजात जितके व्हावयास हवे तितके झालेले नाही.

सन १९३२ मध्ये येरवडा कराराच्या स्मरणार्थ पुण्यात युनियन बोर्डिंग निघाले. खेड्यात शाळा काढायची तर खेड्यात राहण्यास तयार असलेला शिक्षक हवा, म्हणून १९३५ साली साताऱ्यात अध्यापक विद्यालय सुरू झाले. सम्राट पंचम जॉर्ज यांच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवाचे नाव त्यास देण्यात आले होते, ते पुढे महात्मा फुले अध्यापक विद्यालय झाले. नाव देण्याच्या बाबतीत भाऊराव व्यवहारी होते, कामाच्या बाबतीत हट्टी.

शिक्षक तयार होऊ लागले आणि मग १९३८ पासून व्हॉलंटरी शाळांचे पर्व सुरू झाले. त्या वेळी बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने लोकांनी स्वतःहून चालविलेल्या प्राथमिक शाळांस उत्तेजन देण्याचे धोरण आखले होते. डोंगरकपारीत, वाड्यावस्त्यांवर, जेथे सरकारी शाळा पोचण्याची चिन्हे नव्हती, तेथे भाऊरावांची माणसे जाऊ लागली. देऊळ, चावडी, गोठा, धर्मशाळा, जे मिळेल त्यात वर्ग भरे. जागा, शिक्षकाचा निवारा, पोटाची भाकर यांत गावाचा वाटा असे. अशा शाळांची संख्या ५७८ पर्यंत गेली. इतक्या विखुरलेल्या शाळांची खबरबात ठेवण्यास ना मोटार होती ना टेलिफोन. भाऊराव आणि त्यांचे सहकारी पायी फिरत. एका गावची अडचण दुसऱ्या गावी सांगत, आणि जेथे धान्य जास्त असेल तेथून जेथे कमी असेल तेथे ते पोचते करीत. पुढे प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाल्यावर या शाळा सरकारी व्यवस्थेकडे सोपविण्यात आल्या. स्वतः उभे केलेले काम योग्य वेळी दुसऱ्याच्या हाती देणे अनेक विश्वस्त मंडळांना जमत नाही, हे येथे सहज नमूद करावेसे वाटते.

या काळात आपला गंगापूर तालुका निजामाच्या राज्यात होता, हेही ध्यानी घेतले पाहिजे. माध्यमिक शिक्षणाचे माध्यम उर्दू, आणि खासगी शाळा काढण्यास सरकारी परवानगीचा अडसर. औरंगाबादेत १९१५ साली सुरू झालेल्या सरस्वती भुवनसारख्या मोजक्या संस्थांनी मराठीचा दिवा जपला. गोदावरीच्या पलीकडील तीरावर इंग्रजी अंमल असल्याने लोकांना शाळा काढण्याची मोकळीक होती. अलीकडील तीरावर ती मोकळीक १९४८ च्या सप्टेंबरानंतरच लाभली. एकाच नदीच्या दोन काठांवर शिक्षणाचे जे अंतर पुढे दीर्घकाळ राहिले, त्याचे एक कारण येथे आहे.

सन १९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झाले. फी नाही, राहणे तेथेच, आणि मुलाने श्रम करून आपला खर्च भागवावयाचा. कमवा आणि शिका हे नाव पुढे सर्व विद्यापीठांनी उचलले, पण येथे ते फावडे, कुदळ आणि पाटी यांच्यासह प्रत्यक्षात होते. मुलांनी पडीक जमीन फोडली, विहिरी खणल्या, स्वतःच्या शाळेच्या भिंतींसाठी दगड वाहिले. सन १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज याच तत्त्वावर निघाले. शाहू बोर्डिंगात वाढलेले पी. जी. पाटील हे विलायतेस जाऊन बॅरिस्टर झाले आणि परत येऊन संस्थेत रुजू झाले. पुढे ते कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

गांधीजींच्या हत्येनंतर त्यांच्या स्मरणार्थ १०१ माध्यमिक शाळा काढण्याचा संकल्प भाऊरावांनी सोडला. त्याच सुमारास जाहीर सभेत त्यांनी सरकारवर परखड टीका केली आणि १९४८ साली सरकारने संस्थेचे अनुदान रोखले. ज्या खेर मंत्रिमंडळाच्या धोरणाने दहा वर्षांपूर्वी व्हॉलंटरी शाळा बहरल्या, त्याच खेरांच्या राजवटीत ही वेळ आली. शेकडो शिक्षकांचे पगार, हजारो मुलांचे जेवण आणि तिजोरी रिकामी. शब्द मागे घेतला असता तर बहुधा प्रकरण मिटले असते, आणि संस्थेच्या हितासाठी तो घ्यावा असे वाटणारे हितचिंतकही होते. त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे होते असे नाही. एका माणसाच्या ताठरपणाची किंमत मुलांनी का मोजावी, हा प्रश्न कोणत्याही विश्वस्तास पडेल. भाऊरावांचा विचार निराळा होता. अनुदान हे रयतेच्याच कराचे, तेव्हा ते मिंधेपणाने घ्यावयाचे नाही. ते पुन्हा गावोगाव निघाले. शिक्षकांनी अपुऱ्या पगारावर आणि पगाराविनाही काम केले, खेड्यांतून धान्य व पैसा आला, आचार्य अत्रे यांच्यासारख्या पत्रकारांनी लेखणी उचलली, गाडगेबाबांनी आपले वजन संस्थेच्या पारड्यात टाकले. दूधगावच्या मुठीने शेवटी सरकारी खजिन्याचा अभाव भरून काढला आणि अनुदानही पुन्हा सुरू झाले.

गाडगेबाबा आणि भाऊराव यांचा स्नेह विलक्षण होता. एकाने अक्षरओळख नसताना कीर्तनातून मुले शिकविण्याचा उपदेश केला, तर दुसऱ्याने शाळा उघडून ठेवल्या. सन १९५४ मध्ये कराड येथे निघालेल्या महाविद्यालयास सद्गुरू गाडगे महाराजांचे नाव देण्यात आले. पाठोपाठ १९५५ साली साताऱ्यात शिक्षकांच्या पदवी शिक्षणासाठी मौलाना आझादांच्या नावाचे महाविद्यालय उभे राहिले. शाहू, सयाजीराव, फुले, गाडगेबाबा, आझाद ही नावे पाहिली तर भाऊरावांनी आपल्या संस्थेस स्वतःच्या घराण्याचे वा जातीचे नाव कोठेही लावले नाही, हे उघड होते.

सन १९५९ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले आणि पुणे विद्यापीठाने सन्माननीय डी. लिट्. पदवीने गौरविले. कर्मवीर ही उपाधी मात्र लोकांनी त्यापूर्वीच दिली होती व तीच नावाला चिकटून राहिली. प्रकृती खालावत गेली आणि दिनांक ९ मे १९५९ रोजी पुण्याच्या ससून रुग्णालयात त्यांनी देह ठेवला. त्या वेळी संस्थेची ३८ वसतिगृहे आणि शंभरावर माध्यमिक शाळा चालू होत्या. त्यांची समाधी साताऱ्यात आहे. सन १९८८ मध्ये टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. वटवृक्ष हे बोधचिन्ह मिरविणाऱ्या या संस्थेच्या शाखांची संख्या आज सातशेहून अधिक असून, २०२१ साली साताऱ्यात त्यांच्या नावाचे विद्यापीठ स्थापन झाले.

या वटवृक्षाच्या पारंब्या आपल्या शेजारीही उतरल्या आहेत. अहिल्यानगर जिल्ह्यातील श्रीरामपूर व कोपरगाव येथे रयत शिक्षण संस्थेची महाविद्यालये आहेत. त्यांपैकी कोपरगावच्या महाविद्यालयास सद्गुरू गंगागिरी महाराजांचे नाव आहे, ज्यांच्या सप्ताहासाठी गोदेच्या दोन्ही काठांवरच्या चुली अजूनही पहाटे पेटतात आणि भाकरी टोपल्यांत भरल्या जातात.